पुडिंग, क्रूस आणि सोवळ्याची चूल

इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या एका मठात १८८३ नंतरची दोन-तीन वर्षे एक वाद धुमसत होता. वरवर पाहता त्याचे विषय अगदी किरकोळ. मठाच्या आश्रयाला आलेली एक मराठी विधवा शाकाहारी होती आणि अंडे घातलेले पुडिंगही तिला चालत नसे. मठातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. जी भाषा आपल्याला कळत नाही ती क्रूसावर कशाला, संस्कृत का नको, असे तिचे म्हणणे होते. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला होता. रमाबाईंची धर्ममाता म्हणवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटे की बाप्तिस्मा झाला तरी हिचा जातीचा अभिमान आणि ताठा काही गेला नाही. रमाबाईंचे उत्तर सरळ होते: मला हिंदू म्हटलेले आवडते, कारण मी हिंदूच आहे, आणि पूर्वजांच्या चालीरीती जमतील तेवढ्या मी पाळतेच.

या वादातला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध झाला. तो वाचताना पुडिंगाचा प्रसंग गमतीचा वाटतो. पण आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय त्या ताटाभोवतीच बसलेला आहे.

बाप्तिस्मा कसा द्यायचा याचा विधी मंडळीपाशी ठरलेला असतो. श्रद्धेची कलमे ठरलेली असतात, सणवार आणि उपासकाळ ठरलेले असतात. त्यानंतरची वीस, तीस, चाळीस वर्षे मात्र ज्याची त्याला काढायची असतात. त्या वर्षांत माणूस वाढतो कसा? दर रविवारी बाकावर बसल्याने आपोआप वाढतो, असे म्हणण्याइतका भाबडा पाळक कुठल्याच पंथात नसेल. उलट आजकाल 'माझा देव माझ्यापुरता' असे म्हणून प्रार्थनेतले सोपे तेवढे उचलायचे आणि अवघड तेवढे बाजूला ठेवायचे, याला स्वतःची साधना म्हणण्याची चाल पडली आहे. महाराष्ट्रातल्या ज्या माणसांनी ख्रिस्ती साधनेची स्वतःची रीत खरोखर घडवली, त्यांच्या चरित्रांत या दोन्ही गोष्टी सापडत नाहीत. सापडते ते भांडण. आपल्या गुरूशी, आपल्या मिशनशी, नवऱ्याशी किंवा बायकोशी आणि स्वतःच्या जुन्या सवयींशी वर्षानुवर्षे चाललेले भांडण. ते सोडून न जाता करत राहणे, हीच त्यांची साधनेची रीत होती, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे.

हे मत बंडखोरीचे आहे असे कोणाला वाटू नये. खुद्द चर्चच्या परंपरेत त्याला भक्कम आधार आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदार अंथरुणावर पडून होता. हाताशी पुस्तके होती ती ख्रिस्तचरित्राची आणि संतांच्या कथांची. एरवी मन शौर्याच्या आणि दरबारी प्रेमाच्या स्वप्नांत रमे. त्याच्या हळूहळू लक्षात आले की दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटतात. पण दरबारी स्वप्ने ओसरली की मन कोरडे पडते आणि संतांचे विचार ओसरल्यावरही समाधान उरते. विचार कोणता यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते, याकडे बघायला तो शिकला. पुढच्या वर्षी मानरेसा गावी त्याने अघोरी उपास केले, केस-नखे वाढवली, केलेली पापे पुन्हापुन्हा कबूल करत राहिला, जीव द्यावा इथपर्यंत विचार आले. त्यातून बाहेर पडल्यावर केस कापले, नखे कापली आणि आयुष्यभर इतरांना अतिरेकापासून सावध करत राहिला.

या अनुभवातून जे 'आध्यात्मिक व्यायाम' तयार झाले, त्यांना १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली. चार टप्प्यांचा, साधारण तीस दिवसांचा हा साधनाक्रम आहे. त्याच्या सुरुवातीला वीस सूचना आहेत आणि त्या मार्गदर्शन करणाऱ्यासाठी आहेत, ही बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. पंधरावी सूचना मार्गदर्शकाला बजावते की साधकाला या किंवा त्या बाजूला ढकलू नकोस. निर्माता आणि त्याची निर्मिती यांचा व्यवहार थेट होऊ दे. अठरावी सांगते की ज्याचे वय, शिक्षण, ताकद जशी असेल तसा क्रम बदलून दे. एकोणिसावी तर प्रापंचिकांसाठीच आहे: महिनाभर काम सोडून जाता येत नसेल त्याने रोज दीड तास काढावा. सोळाव्या शतकातल्या या कडक शिस्तीच्या माणसाने साधनेचे माप साधकाच्या अंगावरून घ्यायला सांगितले.

याच इग्नेशियसच्या संघातले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. राशोल येथे १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे गेली होती आणि त्यांच्या जागी कानाला ओळखीचे असे काहीच आले नव्हते. स्टीफन्सनी त्यांना ओवी परत दिली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, तरी हे पुराण हस्तलिखितांतून तगले. पुराण टिकवणारे लोक पंडित नव्हते. त्यांना प्रार्थनेसाठी ते हवे होते.

आता पुन्हा एकोणिसाव्या शतकात येऊ. रमाबाईंवर ज्यांचा प्रभाव पडला त्यांपैकी एक होते नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेमिया गोरे. वाराणसीत वाढलेला हा मराठी पंडित मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून पुढे आला आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला. सहा दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला, कितीतरी सुशिक्षितांना ख्रिस्ताकडे वळवले, आणि स्वतःला मात्र शंकांनी आयुष्यभर सोडले नाही. एक शंका फिटली की दुसरी उभी राही. त्यांचे समकालीन त्यांच्या या स्वभावावर हळहळत. हळहळण्याचे कारण नव्हते. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा माणूस आपल्या शंका घेऊनच प्रार्थनेला बसत राहिला. काही माणसांची वाढ अशीच होते, आणि अशा माणसाला 'विश्वास कमी पडतोय' असे सुनावणारे लोक त्याचे भले करत नाहीत.

रमाबाईंची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून रोष पत्करलेला. साऱ्या कुटुंबाची तीर्थांतून पुराणे सांगत भटकंती. दुष्काळात आई, वडील, बहीण तिघेही गेले. उरलेली बहीणभावंडे पायी हिंदुस्थान तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. व्रते, उपास, तीर्थस्नाने हे सर्व या मुलीने अक्षरशः उपाशीपोटी करून पाहिले होते. म्हणून पुढे जेव्हा तिच्यावर कोणी धर्माचा अधिकार गाजवू पाही, तेव्हा तिची प्रतिक्रिया पुस्तकी नसे.

इंग्लंडात बाप्तिस्म्याआधी मठाच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथील एक गृह दाखवले. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना तिथे सन्मानाने सांभाळले जाई. असे कोणी का करते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले आहे की या गोष्टीने त्यांचे मन ठरले. त्रैक्याच्या सिद्धांताने ते ठरले नव्हते, आणि त्याच सिद्धांतावरून पुढे मठाशी त्यांचे वाजले. अथनेशियसच्या मतांगीकारातली न समजणारी वाक्ये केवळ आज्ञा म्हणून म्हणायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांची मते मागवली गेली आणि ती प्रतिकूल आली. तेव्हा त्यांनी लिहिलेले पत्र आजही वाचताना सणसणीत लागते. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्याचे चढवून घेणार नाही, असा त्याचा आशय.

इथपर्यंतच्या रमाबाई आपल्या विचारवंतांना फार आवडतात. पुढच्या रमाबाई तितक्या आवडत नाहीत. १८८९ मध्ये विधवांसाठीचे त्यांचे शारदासदन सुरू झाल्यानंतर दोनएक वर्षांत त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून भेटलेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्या वेळी त्यांच्या वाचनात आले; वर्षानुवर्षे वेदीवर उभे राहून उपदेश करणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचे परिवर्तन उशिरा घडल्याचे त्यात होते. रमाबाईंना त्यात आपला आरसा दिसला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ही कबुली द्यायला धैर्य लागते, विशेषतः जेव्हा साऱ्या पुण्याचे लक्ष तुमच्यावर असते. मग १८९६ नंतरचे दुष्काळ, केडगावचे मुक्तिसदन, शतकाच्या अखेरीस तिथे गोळा झालेल्या सुमारे दोन हजार मुली आणि बायका, आणि १९०५ मधले ते प्रसिद्ध जागरण. शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, गाऊ लागल्या. ज्या रमाबाईंनी इंग्लंडात एकेका सिद्धांतासाठी तर्काचा हिशेब मागितला होता, त्यांनी या मुलींना गप्प बसवले नाही.

वाँटेजची तर्ककर्कश पंडिता आणि केडगावची गुडघे टेकलेली आई यांत काहींना विसंगती दिसते. पण दोन्हीकडे अनुभवाआधी शब्द ओठांवर आणायला नकार आहे. शंका घ्यायची ती संतसाध्वी मानल्या गेलेल्या सिस्टरसमोरही घ्यायची. आणि मुलींना जे खरोखर होत होते ते आपल्या पांडित्याला शोभत नाही म्हणून दडपायचे नाही. त्याच सुमारास त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले होते. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी योजली, आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत हे काम त्यांच्या हातात होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले.

एक प्रश्न मात्र उरतो आणि तो विचारायला हवा. वाँटेजला रमाबाईंनी जेवढे स्वातंत्र्य मागितले, तेवढे केडगावच्या मुलींना मिळाले का? पहाटेपासून रात्रीपर्यंतची शिस्त होती. दुष्काळातून आलेल्या दोन हजार जिवांचा संसार शिस्तीविना चालला नसता, हेही खरे. पण एखाद्या केडगावकर मुलीने रमाबाईंना तसे पत्र लिहिले असते तर त्यांनी काय केले असते, याची उत्सुकता वाटल्यावाचून राहत नाही.

नारायण वामन टिळकांचे भांडण रमाबाईंसारखे पत्रांतून नव्हते, ते चालीतून होते. ६ डिसेंबर १८६१ चा रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म. आई लवकर गेली, वडील तापट, मुलगा घर सोडून नाशिकला संस्कृत शिकायला. कवी, कीर्तनकार, वक्ता, आणि एका ठिकाणी टिकून न राहणारा. ख्रिस्ती होण्यापूर्वीच त्यांना प्रचलित धर्माचा उबग आला होता आणि एका नव्या धर्माची तत्त्वेच त्यांनी मांडून ठेवली होती. म्हणजे 'स्वतःची साधना' करण्याचा आजचा शुद्ध नमुना. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी हातात पेन्सिल घेऊन ती वाचायला सुरुवात केली आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. कागदावर मांडलेला त्यांचा धर्म त्या तीन अध्यायांपुढे फिका पडला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता रेव्हरंड तुकाराम नथूजी यांच्या हातून. चित्पावन ब्राह्मणाने खालच्या मानलेल्या जातीतून आलेल्या पाळकासमोर मस्तक वाकवावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

यानंतरची पहिली काही वर्षे गंमत अशी झाली की मिशनच्या वातावरणात, इंग्रजी भक्तिपर पुस्तकांच्या सहवासात, टिळक काहीसे उसन्या मापाचे ख्रिस्ती होऊन राहिले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या हाताखाली शिकवणे, प्रवचने, लेखन हे सर्व चालू होते. मग ते पुन्हा तुकारामाकडे आले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे पोचलो, असे ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकायचा असतो असे त्यांना कोणी तरी सुचवले असणार, आणि काही वर्षे त्यांनी ते मनावरही घेतले असावे. ज्या दिवशी ते सोडून दिले त्या दिवसापासून त्यांची गीते वाहू लागली.

अहमदनगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग टिळकांच्या आधीच झाले होते. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यासाठी घेतले जाते. टिळकांनी त्यात स्वतःचा जीव ओतला. ख्रिस्ताला ते माउली म्हणून हाक मारत. वारकऱ्याने विठोबाशी रुसावे, हट्ट धरावा, पायांवर डोके ठेवावे, ती सारी मोकळीक त्यांनी ख्रिस्ताजवळ घेतली. इंग्रजी चालींवर कशीबशी बसवलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला अभंग मिळाला. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते, आणि हिंदी ख्रिस्ती माणसाने आपली मंडळी आपल्या खर्चाने, आपल्या रीतीने चालवावी हे त्यांनी तिथे सतत लिहिले.

शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले. साताऱ्याला राहून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्यात सामील होऊ शकत होता. मिशनमधले स्नेहीसुद्धा या कल्पनेने अस्वस्थ झाले. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य म्हणायचे तर मग मंडळी कशाला, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण ज्याचे घरदार, जात, पोटापाण्याची सोय बाप्तिस्म्याबरोबर सुटणार आहे, त्याने तोवर ख्रिस्ताकडे पाहायचेही नाही का, हा टिळकांचा प्रश्न अधिक टोकदार होता. कारण ते सर्व त्यांनी स्वतः सोसले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. आपले दहन व्हावे ही इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. एका माणसाच्या धगीवर चाललेल्या संस्थांचे असेच होते, आणि 'स्वतःची रीत' घडवणाऱ्याने ही किंमत आधीच हिशेबात धरलेली बरी. गीतांचे तसे झाले नाही. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे, आणि रविवारी ती गाणाऱ्यांपैकी कित्येकांना कवी कोण हे ठाऊकही नसते.

टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या पदरात तीन-चार वर्षांचा मुलगा होता. त्यांना काही सांगितले-सवरले नव्हते. ज्यांनी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचले आहे त्यांना पुढचा आकांत सांगायला नको. या नवराबायकोंच्या मार्गांतला फरक त्या पुस्तकाइतका लख्ख दुसरीकडे कुठे दिसत नाही. टिळकांचे आयुष्य एका पुस्तकाच्या तीन अध्यायांनी पालटले. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांत बायबलापेक्षा पाण्याच्या भांड्याने जास्त काम केले.

त्यांच्या माहेरी सोवळ्याचे वेड टोकाचे होते. वडिलांच्या घरी बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. अशा घरातली ही मुलगी ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परत आली ती आपली चूल आणि आपले सोवळे वेगळे ठेवून. टिळकांनी तिला ओढले नाही. इतर बाबतींत अतिशय उतावळा आणि तापट असलेला हा गृहस्थ या एका गोष्टीत थांबून राहिला, हा त्यांच्या चरित्रातला सर्वांत सुंदर भाग आहे. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला: ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत दिसते तशी माणसांत काही खूण दिसली असती. खूण तर दिसत नाही. म्हणजे ही माणसाचीच करणी. ठरले, त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी चालेल. त्यांनी ख्रिस्ताचे नाव अजून घेतले नव्हते, पण जातीचे कुंपण आधी उतरले होते. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला.

पंडित लोक याला क्रम चुकला म्हणतील. आधी श्रद्धा, मग आचार, असे पुस्तकात असते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हात आधी बदलले आणि मन त्यांच्या मागून आले. पुढेही त्यांची साधना अशीच राहिली: प्लेगच्या काळात आजाऱ्यांची सेवा, पोरक्या मुलांना घरात घेणे, टिळक कोणालाही काहीही देऊन टाकत त्याचा मेळ घालणे, आणि मधूनमधून नवऱ्याच्या अध्यात्माला विनोदाची टाचणी लावणे. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले. कोणीही केव्हाही येत असे. घरात पैसा टिकत नसे. या सगळ्यात प्रार्थना कुठे होती असे कोणी विचारले असते तर बाईंनी बहुधा स्वयंपाकघराकडे बोट दाखवले असते.

आणि याच बाईंनी, ज्यांना शाळा अशी मिळाली नव्हती, नवऱ्याचे अर्धवट राहिलेले काव्य पूर्ण केले. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायचे टिळकांनी मनावर घेतले होते. 'ख्रिस्तायना'चे अकराएक अध्याय होऊन ते गेले. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. विद्वान समीक्षक टिळकांचे अध्याय काव्यदृष्ट्या सरस मानतात. मानोत. एका साधकाने सुरू केलेली गोष्ट दुसऱ्या, अगदी वेगळ्या स्वभावाच्या साधकाने आपल्या चालीने पुढे नेली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या सरस-निरसापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

आता आजचे बोलू. वसईच्या ख्रिस्ती गावांत, अहिल्यानगर आणि नाशिकच्या मंडळ्यांत, पुण्या-मुंबईच्या परगण्यांत तरुण मंडळी साधना म्हणजे काय करायचे ते विचारतात. त्यांना मोबाइलवर दिवसाला एक वचन मिळते, मोठमोठ्या जागरणसभा मिळतात, तीन दिवसांची एकांतशिबिरे मिळतात. यातले काहीच वाईट नाही. या सगळ्यात त्यांना न मिळणारी गोष्ट म्हणजे उलट बोलता येईल असा वडीलधारा माणूस. रमाबाईंना जेराल्डिन होत्या. सिस्टर जेराल्डिन यांना आपण आज खलनायिका ठरवून मोकळे होतो, पण वर्षानुवर्षे त्यांनी या हट्टी शिष्येला लांबलचक पत्रे लिहिली, उत्तरे ऐकून घेतली, आणि वाद मिटला नाही तरी नाते तोडले नाही, पत्रे जपली. टिळकांना ह्यूम होते, लक्ष्मीबाई होत्या. लक्ष्मीबाईंना टिळक होते. नेहेमिया गोऱ्यांना तर स्वतःचेच डोके पुरेसे होते.

रात्रपाळी करणाऱ्या नर्सला दीड तास प्रार्थनेला बस असे सांगणारा पाळक इग्नेशियसची अठरावी सूचना विसरलेला असतो. तिच्या पाळीच्या शेवटी, बसची वाट पाहताना, आज कोणत्या क्षणी मन भरून आले आणि कोणत्या क्षणी कोरडे पडले एवढे पाहायला तिला शिकवले तर इग्नेशियसला ते मान्य झाले असते; लोयोलाच्या गढीत अंथरुणावर त्याने हेच केले होते. ज्याला अभंगाशिवाय प्रार्थना सुचत नाही त्याने अभंग म्हणावा. ज्याला गाणे येत नाही, हात चालतात, त्याने कुणाचे तरी आजारपण काढावे आणि प्रार्थना मागून येईल अशी वाट बघावी. मात्र आपण जे निवडले ते आपल्याला सोपे म्हणून निवडले का, हे विचारणारे कोणी तरी समोर हवे. टिळकांनी आगगाडीपूर्वी मांडलेल्या धर्मात तेवढीच उणीव होती. त्या धर्मात त्यांना हरकत घेणारे कोणी नव्हते.

टिळक आणि मिशन यांच्या वादात प्रस्तुत वक्ता दरबाराच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. ज्यांनी अजून उंबरठा ओलांडला नाही त्यांच्यासाठी अंगण हवेच. तरीही रविवारच्या त्याच त्या बाकावर, न आवडणाऱ्या शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून, त्याच भाकरीत वाटेकरी होणे ही साधनाही टाळून चालत नाही. दरबाराच्या मोकळेपणात ती टाळता येत होती. या मुद्द्यावर सभागृहात दुमत असेल आणि प्रश्नोत्तरांत ते यावेच.

एक व्यावहारिक सूचना तेवढी करायची आहे. आपल्या मंडळ्यांतून दृढीकरणाच्या वर्गात मुलांना प्रश्नोत्तरे पाठ करून घेतात. त्या वर्गांत दोन तास 'स्मृतिचित्रां'साठी आणि एक तास वाँटेजच्या पत्रांसाठी काढावा. पत्रे दोन्ही बाजूंची वाचावीत, सिस्टर जेराल्डिन यांचीही, कारण पुष्कळ ठिकाणी त्यांचे म्हणणे वाजवी आहे. आणि वाचून झाल्यावर मुलांना एक पत्र लिहायला सांगावे, आपल्याच पाळकाला, न पटलेल्या एका गोष्टीबद्दल. पाळकांनी त्या पत्रांना उत्तरे द्यावीत, एकेकाला वेगळे.